मेंदीत काय कालवलं

जळकोट
१५ एप्रिल २०२५

रूपाली,

जयभीम. तुझी खुशाली तू बघ. इकडची खुशाली सांगण्यासारखी तू ठेवली न्हाई.

काल जयंती झाली. सगळी गल्ली पांढरं नेसून मिरवणुकीला, आणि आमची धम्मी दाराआड डोक्याला टॉवेल गुंडाळून. दरसाल पुढं चालणारी पोरगी. बाया विचारून राहिल्या, नवरी कुठं हाय? मी म्हणलं, ताप आलाय. पंचाहत्तराव्या वर्षी जयंतीच्या दिवशी खोटं बोलले, ते तुझ्यापायी.

पोरगी केस चॉकलेटी करायला तुझ्या पार्लरात गेली होती, शेवाळं घेऊन आली. उन्हात बघितलं तर हिरवं, सावलीत बघितलं तर चुलीतली राख. कानाजवळचे केस कंगवा लावला की तुटून हातात येतात. मी तान्ह्या पोरापासून मढ्यापर्यंत लोकांची डोकी न्हाऊ घातली, असं डोकं बघितलं न्हाई. ११ मेला लग्न हाय. पांढऱ्या लुगड्यात बसणार ती. लोक वंदना म्हणतील का तिच्या डोक्याकडं बघत बसतील, सांग मला. नवरदेवाच्या, प्रेमच्या घरची माणसं नांदेडची, बोलायला सुरीसारखी.

तुझ्याकडं तिला मीच पाठवली. सून म्हणत होती लातूरला नेते, मोठ्या दुकानात. मी म्हणलं, माझ्या धाकट्या बहिणीची, पारूची नात असताना परक्याच्या हातात डोकं कशाला द्यायचं? आता सून जेवायला वाढताना माझ्याकडं बघते आणि काही बोलत न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं.

धम्मीच्या बापानं, माझ्या आनंदराजनं तुमच्या पार्लरच्या नावाखाली मोबाईलवर फोटो टाकलाय. काय काय लिहिलंय ते धम्मीच्या मोबाईलवर मी वाचलं. गुरुजी माणूस, सगळं मुद्देसूद लिहिलंय. बरं केलं म्हणते मी.

यावर इलाज काय ते कळव. फोन करू नको, माझे दोन्ही कान गेलेत आणि फोन आनंदराजच्या खिशात असतो. लिहून पाठव. चाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात बसून मी अक्षरं गिरवली, ती तुला शिव्या द्यायला कामाला येतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नागुबाई

•

नांदेड
१९ एप्रिल २०२५

मोठ्या आजीस रूपालीचा जयभीम.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. चूक झाली, मला वाईट वाटलं, हे आधी लिहिते. धम्मीला मेसेज केले, तिनं मला ब्लॉक केलंय. आनंदमामांना फोन लावला तर ते म्हणाले, आता जे बोलायचं ते ग्राहक मंचात. म्हणून तुम्हालाच लिहिते.

त्या दिवशी काय झालं ते नीट सांगते, तुम्हाला केसातलं कळतं म्हणून. काळ्या केसावर चॉकलेटी चढत नाही. आधी केसाचा मूळ रंग उतरवावा लागतो. त्यासाठी एक औषध असतं, ते बटांना लावून चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवायचं. मी हे तीस-चाळीस डोक्यांना केलंय. धम्मीला दहा मिनिटं पण झाली नव्हती, ती म्हणाली, ताई गरम लागतंय. मी हात लावला तर कागद चहाच्या ग्लासासारखा तापलेला. लगेच धुतलं. धुताना बेसिनमध्ये बटा निघून आल्या आणि उरलेल्या केसावर हा रंग.

आजी, नुसत्या केसावर हे औषध असं तापत नाही. केसात आधीचं काहीतरी असल्याशिवाय नाही.

आमच्याकडं गिऱ्हाइकाकडून कागद भरून घेतात. याआधी केसाला काय लावलं, त्यात असं विचारलेलं असतं. धम्मीनं लिहिलंय, काही नाही. खाली सही. तो कागद मॅडमच्या ड्रॉवरमध्ये आहे.

माझं म्हणाल तर तीन वर्षं मी बेसिनवर डोकी धुतली. केर काढला, टॉवेल वाळत घातले. फेब्रुवारीत मॅडमनं मला खुर्ची दिली. खुर्ची म्हणजे स्वतःचा आरसा, स्वतःचं गिऱ्हाईक, आरशावर आपल्या नावाची पाटी. मामांची तक्रार आली त्या संध्याकाळी वर्षाराणी मॅडमनं पाटी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, सध्या पर्समध्ये ठेव.

तुम्हाला सरळ विचारते. धम्मीच्या डोक्याला काही लावलं होतं का?

तुमची
रूपाली

•

जळकोट
२३ एप्रिल २०२५

रूपाली,

जयभीम. तीन वर्षं बेसिनवर बसून तुझी जबान बरी चालायला लागलीय. आधी डोकं जाळायचं, मग घरच्यांना विचारायचं की डोक्यात काय होतं.

लावली होती. मेंदी. मार्चमध्ये प्रेमच्या घरचे बघायला येणार होते, त्याच्या आधी दोनदा. चोवीस वर्षांची पोरगी आणि भांगाशेजारी पांढरे केस, विष्णुपुरीला शिकताना त्या कॉलेजच्या खाऱ्या पाण्यानं आलेले. ते काय पाहुण्यांपुढं ठेवायचे? मीच लावली आणि पार्लरात सांगू नको म्हणून मीच बजावलं. तुम्ही लोक मेंदीचं नाव काढलं की नाकं मुरडता. म्हणून तिनं तसं लिहिलं. पोरीचा गुन्हा न्हाई.

आणि माझी मेंदी म्हणजे काय ते सगळ्या जळकोटला माहीत हाय. कुंपणाचा पाला, चहाचं पाणी, कात, लोखंडी कढईत एक रात्र भिजवलेलं. तीस वर्षं लावते. त्यात जळण्यासारखं काय हाय? पाल्यानं कुणाचं डोकं जळालेलं तू बघितलंस का?

तुझ्याच औषधात खोट हाय. न्हाईतर तुझ्या हातात.

आनंदराज मंचाचा अर्ज लिहून बसलाय. मी त्याला थांबवणार न्हाई. सून आता बोलायला लागलीय. म्हणाली, तुमच्या माणसांवर भरवसा ठेवला त्याचं हे. तुमची माणसं म्हणजे तू आणि मी, एका ओळीत.

धम्मीच्या डोक्याला खोबरेल लावू का? रात्री उशीवर केस पडतात. तेवढं कळव, बाकी ज्ञान नको.

नागुबाई

•

नांदेड
२७ एप्रिल २०२५

मोठ्या आजीस जयभीम.

खोबरेल लावा, पण कोमट करून, हलक्या हातानं. दुसरं काही लावू नका. काहीही नाही.

आता बाकीचं लिहिते, तुम्हाला नको असलं तरी.

नुसत्या पाल्याच्या मेंदीवर आमचं औषध लावलं तर केस नारंगी होतात. तापत नाहीत आणि हिरवे होत नाहीत. धम्मीच्या तुटलेल्या बटा मी कागदात ठेवल्या होत्या. परवा दुपारी पार्लर रिकामं असताना त्यातली एक वाटीत टाकून वर औषध घातलं. फेस आला, वाटी कोमट झाली, बट हिरवी. बाजारात काळी पुडी मिळते, केस काळेभोर करायची, तिच्यात धातूचा क्षार असतो. त्यानंच असं होतं. आम्हाला शिकवताना पहिल्या आठवड्यात सांगतात.

आजी, मी सात वर्षांची असताना उन्हाळाभर तुमच्याकडं होते. तुम्ही मला गुरुबसप्पाच्या दुकानात पाठवायचात. काळी पुडी, कागदावर केस मोकळे सोडलेल्या बाईचं चित्र. आणून दिली की तुम्ही ती कढईत ओतायचात आणि म्हणायचात, कागद चुलीत टाक आणि तोंड बंद ठेव. मी टाकायची. अठरा वर्षं तोंड बंदच आहे.

तुम्ही म्हणाल, ठाऊक होतं तर धम्मीला हात कसा लावला. तिनं काही नाही लिहिलं म्हणून. आणि परक्या बायांचं जाऊ दे, सख्ख्या नातीच्या डोक्याला तुम्ही ती पुडी लावणार नाही, असं मला वाटलं म्हणून.

माझी पण चूक आहे, ती लपवत नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी मागची एक बट कापून तिच्यावर औषध लावून बघायचा नियम आहे. पाव तास लागतो. मी बघितलं नाही. घरची पोरगी म्हणून. लग्नाची घाई म्हणून. मॅडमला हे मी आपणहून सांगितलं.

मॅडमनं पाच तारखेपर्यंत वेळ दिलाय. फोटोखाली दोनशे माणसांनी लिहिलंय, नवऱ्या तारखा रद्द करून राहिल्यात. मॅडम म्हणतात, केसात काय होतं ते त्या घरच्यांनी लिहून द्यावं. नाही दिलं तर पाच तारखेला संध्याकाळी मी जायचं. आणि पार्लरवाल्यांच्या ग्रुपवर माझं नाव टाकणार, म्हणजे नांदेडात मला कुणी झाडू पण हातात देणार नाही.

पुडीचं मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार पण नाही. ते तुम्ही सांगायचं.

रूपाली

•

जळकोट
३० एप्रिल २०२५

रूपाली,

तुझं पत्र मी चुलीत टाकलं. कागद चुलीत टाकायला मीच शिकवलं म्हणतेस ना.

धमकी देऊन राहिलीस का मला? सांगणार न्हाई म्हणतेस आणि पानभर सांगतेस. पारू अशी नव्हती. पारू भांडली की सरळ झिंज्या धरायची.

घालते पुडी. आज तीस वर्षं घालते. पाल्यानं तांबडं होतं, काळं होत न्हाई, आणि बायांना काळं पाहिजे असतं. पहिल्यांदा घातली तेव्हा वाटलं, एकदाच. मग बाया म्हणायला लागल्या, नागुबाईच्या हाताला गुण हाय. मी गुण म्हणू दिला.

तुला खुर्चीचं पडलंय. माझी खुर्ची कुठली ते तुला माहीत न्हाई. रविवारी माझ्या अंगणात दहा-बारा बाया रांगेनं बसतात. त्यात वरच्या आळीची कस्तुराबाई असते, किशनराव पाटलाची बायको. तिच्या रानात मी खुरपलंय. तेव्हा ती मला पाणी वरून ओतायची, ओंजळीत, तांब्या माझ्या हाताला लागू नये म्हणून. आज ती माझ्या अंगणात येते, पाटावर बसते, आणि माझ्यापुढं डोकं वाकवते. मी तिची मान धरून हवी तशी वळवते. तिला कळलं की ही नागुबाई मला गुरुबसप्पाच्या दुकानातली पुडी फासते, तर ती काय म्हणेल ते मला माहीत हाय. शेवटी तसलीच, असं म्हणेल. म्हणणार न्हाई, मनात आणेल. मला तेवढं पण नको.

आणि घरात? मांडवाच्या आधी सुनेला कळलं की धम्मीचं डोकं मी घालवलं, तर मी लग्नात कुठं उभी राहू?

म्हणून ऐक. लग्न होऊ दे. ११ तारीख जाऊ दे. मग आनंदराजला मी शांतपणानं सांगते, तो फोटो काढून टाकेल, तुझ्या मॅडमला लिहून पण देईल. तू मॅडमला आठ दिवस मागून घे. लहान न्हाईस तू. आठ दिवस काही कुणाचं जात न्हाई.

नागुबाई

•

नांदेड
३ मे २०२५

मोठ्या आजीस,

पोस्टानं पत्र वेळेत पोचणार नाही म्हणून जळकोटच्या गाडीचे कंडक्टर शिवमूर्ती यांच्याकडं देते. स्टँडवर चहाच्या गाड्यावर ठेवतील.

मॅडमकडं आठ दिवस मागितले. मॅडम म्हणाल्या, आठ दिवसांनी काय बदलणार आहे? त्याचं खरं उत्तर तुमच्याकडं आहे.

मी पाच तारखेची वाट बघणार नाही. कात्री, कंगवे, एप्रन माझे आहेत, ते घेऊन उद्या लोह्याला आईकडं जाते. सगळ्या पोरींसमोर जा म्हणवून घेण्यापेक्षा आपण उठलेलं बरं.

धम्मीचं डोकं आता सांभाळा. कुठं दुसरीकडं रंग लावायला नेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. त्या केसावर आता कुठलंही औषध चालणार नाही, परत तापेल. कापणं हा एकच उपाय आहे. मानेपर्यंत कापले तर मुळाकडचा चांगला केस हाताशी राहील. लांब केसांची नवरीच पाहिजे असा काही कायदा नाही.

तुमच्यावर राग नाही असं लिहायला बसले होते. पण आहे. कस्तुराबाईनं तुम्हाला वरून पाणी ओतलं, ते मी कधी विसरणार नाही. पण त्याची भरपाई माझ्याकडून कशाला?

रूपाली

•

जळकोट
६ मे २०२५

रूपाली,

जयभीम. लोह्याच्या पत्त्यावर लिहून राहिले. पूर्ण वाच, मधे टाकू नको.

तुझी चिठ्ठी शनिवारी रात्री आनंदराजच घेऊन आला, चहावाल्यानं त्याच्याकडं दिली. फोडली नव्हती. मी वाचली आणि उशाखाली ठेवली. झोप लागली, खोटं सांगत न्हाई. सकाळी उठले तेव्हा ती उशाखाली होतीच.

रविवार होता. बाया आल्या. मेंदी भिजलेली होती, पुडी घातलेली. कस्तुराबाई पहिली. मी तिच्या निम्म्या डोक्याला लावून झाले. मग माझा हात थांबला. ती म्हणाली, काय झालं ग? मी म्हणलं, कस्तुराबाई, यात पुडी हाय. बाजारची. पहिल्यापासून हाय. याच मेंदीनं धम्मीचं डोकं गेलं.

पहिल्यांदा ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते. मग माझ्या तोंडाकडं बघितलं तिनं. "एवढी वर्षं?" म्हणाली. मला ऐकू येत न्हाई पण ओठ कळतात. मी म्हणलं, एवढी वर्षं. ती निम्मं डोकं तसंच घेऊन उठली. मी म्हणलं, धुऊन तरी जा, पाणी तापलंय. ती माझ्या अंगणातनं डोक्याला लगदा घेऊन वरच्या आळीपर्यंत चालत गेली. मागनं एकेक बाई उठली. कढई भरलेली तशीच राहिली. मी ती उकिरड्यावर ओतली.

सून दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं. मला वाटलं आता ही तोंड सोडणार. ती आत गेली आणि धम्मीला उठवून म्हणाली, तुझ्या आजीला काय सांगायचंय ते ऐक. धम्मीनं ऐकलं. मग माझ्या अंगावर टॉवेल फेकला. ओला होता.

आनंदराजला म्हणलं, आता तो फोटो काढून टाक आणि मॅडमला लिहून दे. तर तो म्हणाला, "आई, लग्न होऊ दे. लोक काय म्हणतील? गुरुजीनं खोटी तक्रार केली म्हणतील. बारा तारखेनंतर बघू." माझ्याच तोंडातलं त्यानं मला परत दिलं, जसंच्या तसं. तुला लिहिताना मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. त्याच्या तोंडातनं आलं तेव्हा कळलं कसं असतं.

मी म्हणलं, तू नको लिहू, तुझं अक्षर चांगलं हाय, तुला अब्रू हाय. मी जाते.

काल सकाळच्या गाडीनं नांदेडला गेले. धम्मी माझ्याबरोबर आली. वाटभर माझ्याकडं पाठ करून खिडकीपाशी ओढणी घट्ट धरून बसली. तिकीट मात्र तिनं दोघींचं काढलं.

तुझ्या मॅडमला वाटलं म्हातारी भांडायला आली. चार पोरी आडव्या उभ्या केल्या. मी पिशवीतनं पुडी काढून तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणलं, हे होतं केसात, मी घातलं, पोरीला माहीत नव्हतं आणि रूपालीला पण माहीत नव्हतं. ती बाई लई पक्की हाय. तिनं कागदावर लिहून मला दाखवलं: तुम्ही रूपालीच्या नात्यातल्या, तिला वाचवायला आला नाहीत कशावरून?

बरोबर होतं तिचं. मी असते तर मी पण हेच विचारलं असतं.

मग मी डोक्यावरचा पदर काढला. म्हणलं, हीच पुडी माझ्या डोक्याला महिन्याला लागते. कापा आणि बघा. कुठल्या खुर्चीवर बसू? एका पोरीनं आरसा दाखवला, त्याच्यावर पाटी काढल्याचे चार डिंकाचे ठिपके होते. तिथं बसले. मॅडमनं स्वतः कापली, मानेमागची, बोटाएवढी जाड बट. वाटीत टाकली. औषध घातलं. सगळ्या पोरी भोवती. मी पण बघून राहिले. आधी काही न्हाई. मग फेस. मॅडमनं वाटीला हात लावला आणि काढून घेतला. मग माझी बट हिरवी झाली, धम्मीच्या डोक्यासारखी, त्याच रंगाची.

धम्मी रडली. मी न्हाई. वाटीत काय होणार ते मला घरनं निघतानाच माहीत होतं.

मग मी तिथंच लिहायला बसले. माझं अक्षर तुला माहीत हाय, बैलानं ओढल्यासारखं. मी लिहिलं: "मी नागुबाई साहेबराव, राहणार जळकोट. माझ्या नातीच्या केसाला मी मेंदीत काळी पुडी घालून लावली आणि सांगू दिलं न्हाई. त्यानं केस जळाले. रूपालीनं बट तपासली न्हाई एवढी तिची चूक. बाकी माझी." धम्मीनं त्याचा फोटो काढला आणि बापाच्या तक्रारीच्या खाली लावला. मी तिला विचारलं, हे कोण कोण बघणार? ती म्हणाली, सगळे.

मॅडमनं धम्मीचे केस कापले, मानेच्या वर. हिरवं बहुतेक गेलं, टोकाला थोडं राहिलंय. पोरगी आरशात बघत बसली. वाईट दिसत न्हाई. माझ्या सासूला पटकीत टक्कल केलं होतं, तिच्यापेक्षा बरी दिसते. हे मी तिला बोलून दाखवलं, तर पोरगी हसली.

मॅडमनं निघताना कागद दिला: रूपालीला बुधवारी पाठवा, बोलायचं आहे. खुर्ची देते असं लिहिलं न्हाई. मी दोनदा विचारलं, ती फक्त बुधवार म्हणाली. एवढंच माझ्या हातनं झालं. उरलेलं तुझ्या मॅडमच्या हातात. बुधवार उद्या हाय म्हणून हे पत्र शिवमूर्तीकडं देते, लोह्याच्या स्टँडवर तुझ्या आईला फोन करून देईल.

आनंदराज माझ्याशी बोलत न्हाई. आज अंगण रिकामं हाय. गल्लीतल्या बाया दार अर्धं उघडून बघतात आणि लावून घेतात. कस्तुराबाईचे केस निम्मे काळे आणि निम्मे पांढरे झाले म्हणून ऐकलं, म्हणजे धम्मीनं लिहून दाखवलं.

माफी मागायला मला येत न्हाई. कुणी शिकवलं न्हाई आणि मी शिकले न्हाई. पण तू जे लिहिलंस, भरपाई माझ्याकडून कशाला, ते खरं हाय. ते मी चुलीत टाकलं न्हाई.

रविवारी लग्न हाय. सकाळी अकराची वेळ. आखूड केसाला फुलं कशी लावायची ते इथं कुणाला येत न्हाई. एवढंच लिहिते.

नागुबाई

•

नांदेड
९ मे २०२५

मोठ्या आजीस जयभीम.

बुधवारी गेले होते. मॅडमनं समोर बसवलं आणि अर्धा तास हिशेबाच्या वहीत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुझ्या आजीनं स्वतःची बट कापून दिली, तू धम्मप्रियाची का कापली नाहीस? मी म्हणलं, घरची म्हणून. त्या म्हणाल्या, मग दिवाळीपर्यंत बेसिनवर बस आणि घरच्या-दारच्या सगळ्यांची बट कापायला शीक.

खुर्ची नाही मिळाली. पण काढलं पण नाही. ग्रुपवर माझं नाव गेलं नाही. दोन नवरी मुलींनी रद्द केलेल्या तारखा परत धरल्या, तुमचा कागद वाचून. एक तर विचारत होती, त्या आजी इथंच असतात का. मॅडम म्हणाल्या, सुदैवानं नाही.

आनंदमामांनी काल तो फोटो मोबाईलवरनं काढून टाकला. मला फोन आला नाही, पण काढला.

तुम्ही लिहिलेला कागद मी मोबाईलवर वाचला. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते तुम्हाला दाखवू नको असं मी धम्मीला कळवलंय. तिनं माझा ब्लॉक काढलाय. काही चांगलं पण आहे, काही फार वाईट. वाईट लिहिणाऱ्यांत जळकोटची तीन आडनावं आहेत.

मी त्यावर विचार करून बघितला. तुम्ही तीस वर्षं जे राखलं ते माझ्यासाठी एका सकाळी घालवलंत. ते घालवण्याजोगंच होतं असं मला वाटतं, पण तुम्हाला ते किती लागलं असेल ते पण मला कळतं. दोन्ही कळून माझा राग कमी झालेला नाही. तीन वर्षं केर काढला होता मी, आणि आता परत काढते. सकाळी पहिल्यांदा झाडू हातात घेतला तेव्हा नवीन आलेल्या पोरीनं विचारलं, ताई तुम्ही कशाला? मी तिला बाजूला सरक म्हणलं आणि खुर्चीखालून झाडू फिरवला.

आखूड केसाला फुलं लावायची वेगळी रीत असते. बारीक पिना लागतात आणि गजरा मागून नाही, कानाच्या वरून न्यावा लागतो. मोगरा लातूरहून मागवला असेल तर अर्धाच वापरू, आखूड केस भार धरत नाहीत. टोकाचं हिरवं आत वळवून पिनेखाली घालते, दिसणार नाही. मॅडमकडं रविवारची सुट्टी मागितली. त्यांनी दिली आणि पिनांचं डबडं पण दिलं, परत आणायच्या बोलीवर.

पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघते. साडेआठपर्यंत पोचेन. धम्मीचे केस शनिवारी रात्री धुऊन कोरडे ठेवा, तेल नको. तिला म्हणा, कंगवा लावू नको, मी आल्यावर लावीन.

लग्नाला येते ते धम्मीसाठी. तुमच्याशी बोलेन का नाही, ते तिथं आल्यावर ठरवते.

रूपाली